कोरडा हात

केलेम्पू लोहाराच्या कुंपणाबाहेर तिघे मोरान, म्हणजे टोळीचे तरुण लढवय्ये, येऊन उभे राहिले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. आत यायचा प्रश्नच नव्हता. लोहाराच्या कुंपणात मोरान पाय टाकत नाही. भाला हवा असला तर तो बाहेरूनच खाकरतो, पुढचं लोहाराने ओळखायचं. आज खाकरणंसुद्धा झालं नाही. मधल्याने, मेपुकोरीने, हातातला वाकडा भाला काट्यांवरून आत भिरकावला. तो ऐरणीवर आपटला, तिथून भात्यावर पडला आणि भात्याचं बकऱ्याचं कातडं बोटभर फाटलं.

केलेम्पूने मान वर केली नाही.

"ओळखलास का? तुझाच आहे," मेपुकोरी म्हणाला.

"भाता माझा आहे. भाला तुझ्या भावाचा."

मेपुकोरीचा भाऊ तुरेरे मरून आज बारा दिवस झाले होते. मोठ्या आयाळीच्या सिंहाने त्याच्या वासरांवर घाला घातला, तुरेरे भाला रोवून त्याच्यासमोर उभा राहिला, सिंहाने उडी घेतली आणि भाला आत शिरायचा सोडून बरगडीवरून घसरला, वाकला. पुढचं सांगण्यासारखं नाही. त्या दिवसापासून लोइताच्या डोंगरात लहान पोरंसुद्धा एकच बोलत होती: लोहाराने कच्चं लोखंड गळ्यात मारलं. कोणी म्हणे कच्चं लोखंड, कोणी म्हणे लोहाराची हाय. मेलेल्या माणसाला कोणी नावं ठेवत नाही, सिंहाला ठेवून उपयोग नाही, मग उरला कोण?

आणि लोहाराला नावं ठेवायला इथे कधीच काही कारण लागत नाही. त्याच्या हातून हत्यारं घडतात, त्या हत्यारांनी रक्त सांडतं, ते देवाला आवडत नाही, म्हणून लोहार विटाळाचा. त्याची मुलगी कोणी करत नाही. त्याच्या दारचं दूध कोणी पीत नाही. त्याने घडवलेली वस्तू हातात घ्यायची तर आधी तळहातांना मेंढीची चरबी चोळायची, म्हणजे त्याचा विटाळ आपल्या अंगात उतरत नाही. भाला मात्र सगळ्यांना लोहाराचाच लागतो. ज्यांनी रक्त सांडलं ते शूर, आणि ज्याने नुसतं लोखंड ठोकलं तो विटाळाचा. हा हिशेब केलेम्पूला पन्नास वर्षांत कळला नव्हता आणि आता कळून घ्यायची त्याला हौस नव्हती.

म्हाताऱ्या सिरोंकाने या प्रकरणाचा निवाडा केला होता. सिरोंका म्हणजे या मोरानांचा धर्मपिता. त्याच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही. तो म्हणाला होता, "केलेम्पू, लोखंड कच्चं होतं एवढं सगळ्यांसमोर कबूल कर, तुरेरेच्या आईला एक बोकड दे, विषय संपला."

"लोखंड कच्चं नव्हतं," केलेम्पू म्हणाला होता.

"मग मेपुकोरी तुझ्याकडून दुसरा भाला निवडेल. त्याच सिंहावर जाईल. भाला टिकला तर तू इथे राहा. नाही टिकला तर ऐरण उचल आणि नदीपलीकडे जा."

नदीपलीकडे चावऱ्या माश्यांचं रान. तिथे गाय चार महिनेसुद्धा काढत नाही. केलेम्पूच्या सात गाई होत्या, त्यातल्या दोन गाभण. त्याची बायको नोलारी बारा दिवस त्याच्या कानीकपाळी ओरडत होती, "अहो, एक वाक्य बोलायचंय नुसतं. त्याने काय तुमची जीभ झडणार आहे? बोकड देऊन टाका आणि मोकळे व्हा." केलेम्पू ऐकून घ्यायचा आणि पुन्हा घण उचलायचा. बाकी काहीही बोलायला सांगा, म्हणे. माझ्या लोखंडाला कच्चं म्हणायला सांगू नका.

तर असा तो आज ऐरणीपाशी बसला होता, आणि त्याने तो वाकडा भाला उचलून मांडीवर घेतला. बघायला त्याला एक क्षण पुरला. पात्याचं टोक जसंच्या तसं, धार शाबूत, आणि वाक सगळा आडवा, पात्याच्या सपाटीवर. सरळ घुसलेलं पातं असं वाकत नाही. हातात फिरलेलं पातं असं वाकतं. मग त्याने मधल्या लाकडी मुठीवर अंगठा दाबला. अंगठा सटकला. मुठीवर चरबीचा काळा, चिकट, रोजच्या रोज चढवलेला थर होता. त्याने नखाने खरवडला, तरी लाकूड दिसेना.

"काय बघतोस? स्वतःचीच करणी आहे," मेपुकोरीच्या उजव्या हाताचा तिपांको म्हणाला. तिपांको म्हणजे मेपुकोरीचा जिवलग, दोघं एकाच दिवशी मोरान झालेले.

"बघतोय, आणि दिसतंय पण," केलेम्पू म्हणाला.

"पुरे झालं. भाले बाहेर काढ."

केलेम्पूने कातडं पसरलं आणि कुंपणाच्या फटीतून नऊ भाले एकेक करून बाहेर सरकवले. तिपांकोने कमरेची चरबीची डबी सोडली. मेपुकोरीने बोटं बुडवली आणि दोन्ही तळहात मनगटापर्यंत माखले. माखताना तो लोहाराकडे बघत होता, की बघ, तुझ्या वस्तूपासून मी स्वतःला किती जपतो ते. बारा दिवसांत त्याच्या डोळ्यांखाली खड्डे पडले होते. केलेम्पूला त्याची दया आली नाही. भाता फाटला होता.

मेपुकोरीने पहिल्या झटक्यात सगळ्यात लांब भाला उचलला. पातं हातभर लांब, घासून घासून लख्ख केलेलं. उन्हात त्याची तिरीप तिघांच्या डोळ्यांवर गेली.

"हा."

"हा नाही," केलेम्पू म्हणाला.

"का? दुसऱ्या कोणासाठी ठेवलाय?"

"हा नाचायचा भाला आहे. पोरींसमोर उड्या मारायच्या असतील तर ने. पुढे जड आहे. सिंह उडी घेतो तेव्हा टोक खाली जाईल."

"म्हणजे चांगला आहे तो मला द्यायचा नाही, आणि सडका आहे तो माझ्या गळ्यात बांधायचा. तुरेरेला पण असंच शिकवलं होतंस का?"

"तुरेरेने स्वतः निवडला होता. आणि चांगला निवडला होता. तुझ्यापेक्षा त्याला अक्कल होती."

तिपांको पुढे झाला. तिसऱ्याने त्याला आडवा हात लावला. मेपुकोरीने लांब भाला टाकला आणि दुसरा घेतला, तोही टाकला, तिसरा घेतला. प्रत्येक भाल्यावर चरबीचे हात उमटत होते. केलेम्पूचं डोकं तापत चाललं. तीन महिने नारोकच्या दुकानातून आणलेल्या लॉरीच्या कमानीचे पाटे ठोकून त्याने ते भाले केले होते, आणि हा पोरगा ते हाडकं चाचपल्यासारखे चाचपत होता.

"ए," तो म्हणाला. "ते खाली ठेव. आधी हात पूस."

"काय?"

"चरबी पूस. राखेने घास. चोपड्या हाताला भाला कळत नाही. तोल कळत नाही, मूठ कळत नाही, काही कळत नाही. कोरड्या हाताने निवड. नाहीतर मी देत नाही."

तिघेही एकमेकांकडे बघायला लागले. असलं कोणी कधी बोललं नव्हतं. मोरानाने लोहाराचा भाला कोरड्या हाताने धरायचा? यापेक्षा लोहाराच्या ताटात जेव म्हणाला असता तरी चाललं असतं.

"याला वेड लागलंय," तिसरा म्हणाला.

"वेड लागलेलं बरं," तिपांको म्हणाला. "त्याला आपल्याला बाटवायचंय. एक भाऊ खाल्ला, आता दुसऱ्याला बाटवतो."

केलेम्पूने वाकडा भाला उचलला आणि मूठ पुढे करून कुंपणाच्या फटीतून बाहेर धरला. "हे बघ. बघ जरा डोळे उघडून. पातं आडवं वाकलंय. सिंहाच्या छातीला लागलं तेव्हा मूठ हातात फिरली. का फिरली? भाला घेताना एकदा चरबी लावतात, मग वाळूने घासून काढतात, हे माझ्या पोरालाही माहीत आहे. या मुठीवर महिनोन्‌महिने चरबी थापलीय. नाचता येईना अंगण वाकडं, तसं झालंय तुमचं. माझ्या लोखंडाने तुझा भाऊ नाही मारला. रोज रोज ही मूठ कोण चोपडत होतं, ते घरी जाऊन विचार."

बोलून गेल्यावर त्याला कळलं की आपण काय बोललो; मोरानाच्या भाल्याला घरी चरबी लावते ती त्याची आईच. पण बाण सुटला तो सुटला.

मेपुकोरीचा चेहरा उतरला नाही, चढला. त्याने कमरेचा सोटा काढला आणि कुंपणाच्या काट्यांवर असा हाणला की काटे केलेम्पूच्या तोंडावर उडाले. "माझ्या आईचं नाव काढतोस? तुझ्या थोबाडाने माझ्या आईचं नाव काढतोस?"

"मी नाव कुठे काढलं? तूच काढलंस."

तिपांकोने आणि तिसऱ्याने मेपुकोरीला दोन्ही दंडांना धरून मागे ओढला. जाता जाता तिपांको कुंपणावर थुंकला आणि म्हणाला, "उद्या सूर्य निघाला की आम्ही सिंहावर जाणार. हा भाल्याशिवाय गेला आणि मेला, तर नदी ओलांडायला तुला पाय राहणार नाहीत, लोहारा."

नऊच्या नऊ भाले तिथेच पडून राहिले. नोलारीने ते एकेक करून आत ओढले आणि राखेने पुसायला बसली. ती काही बोलत नव्हती, आणि केलेम्पूला ते बोलण्यापेक्षा जड जात होतं.

"बोल ना," शेवटी तोच म्हणाला.

"काय बोलू? खरं बोललात. आता खऱ्याला चाटत नदीपलीकडे बसू."

"मग खोटं बोलू?"

"मला गाई पाहिजेत," नोलारी म्हणाली. "तुमचं खरं तुम्हाला ठेवा."

ऊन उतरायला लागलं तेव्हा वारुळापलीकडच्या बाभळीखाली कोणीतरी उभं असल्याचं केलेम्पूला दिसलं. मेपुकोरी एकटाच होता. मोरान एकटा फिरत नाही. दूधसुद्धा तो सोबत्याशिवाय पीत नाही. एकटा आला म्हणजे कोणाला न सांगता आला. तो बराच वेळ तिथेच राहिला आणि केलेम्पूनेही त्याला बोलावलं नाही. कुत्र्याने भुंकून घेतलं, दमलं, आणि झोपलं. मग मेपुकोरी कुंपणापाशी आला.

"राख दे," तो म्हणाला.

केलेम्पूने राखेचं टोपलं फटीतून बाहेर ढकललं, आणि मागोमाग भाले. मेपुकोरीने तळहात राखेत खुपसले. घासताना त्याने दात आवळले होते. मग कोरडे, करडे पडलेले हात तो हवेत धरून नुसता उभा राहिला. पुढे भाले होते आणि हात पुढे जात नव्हता.

"चावणार नाहीत," केलेम्पू म्हणाला.

"तू गप्प बस."

त्याने पहिला भाला धरला तेव्हा त्याच्या पाठीवरून शहारा गेला, तो केलेम्पूला स्पष्ट दिसला. केलेम्पूला राग आला, आणि बरंही वाटलं. पन्नास वर्षांत त्याच्या कुळाबाहेरच्या माणसाने त्याच्या हातचं काही असं उघड्या हाताने धरलेलं त्याने पाहिलं नव्हतं.

"एका बोटावर तोल," तो म्हणाला. "मुठीच्या किंचित पुढे थांबला पाहिजे. मागे गेला तर काठी आहे, पुढे गेला तर नाचायचा."

"शिकवू नकोस."

"मग मर."

मेपुकोरीने तोलला. पुढे गेला. टाकला. दुसरा घेतला, एक डोळा मिटून पात्याच्या कण्यावरून नजर फिरवली, हलवला. पात्याची थरथर थांबेना. टाकला. तिसऱ्यावर नख मारून कानाशी नेला. जोडापाशी बारीक भण्ण आवाज येत होता. "हा तडकलाय," तो म्हणाला. केलेम्पूने हात पुढे करून तो परत घेतला, ऐकला, आणि बाजूला फेकला. पोराचा कान चांगला होता, हे कबूल करणं त्याच्या जिवावर आलं.

सातवा भाला दिसायला काहीच नव्हता. पातं आखूड, काळपट, घासलेलंसुद्धा नाही. केलेम्पूने तो विकायला ठेवलाच नव्हता; नोलारीने पुसताना तो बाकीच्यांत ठेवला होता. मेपुकोरीने मूठ धरली, बोटं अंगठ्याला जेमतेम टेकली. बोटावर तोलला, स्थिर राहिला. हलवला, थरथर लगेच विझली. त्याने पुन्हा मूठ धरली, सोडली, धरली.

"वारुळावर घाल," केलेम्पू म्हणाला.

वारूळ पुरुषभर उंच होतं आणि उन्हाने विटेसारखं भाजलेलं. मेपुकोरी दहा पावलं मागे गेला, धावला आणि भाला दोन्ही हातांनी घुसवला. पातं वीतभर आत गेलं. त्याने उपसून पुन्हा घुसवलं. तिसऱ्यांदाही घुसवलं. मग तो थांबला, आणि केलेम्पूला वाटलं, आता हा घेऊन जाईल. पण मेपुकोरीने कमरेची स्वतःची डबी सोडली, दोन बोटं चरबी घेतली आणि मुठीला चोळली.

"अरे, काय करतोस?"

तो परत दहा पावलं मागे गेला, तसाच धावला, तेवढ्याच जोराने घातला. मातीला टोक टेकलं आणि मूठ त्याच्या हातात गर्रकन फिरली. पातं आडवं होऊन वारुळावरून खरखरत गेलं, त्याचा खांदा मातीवर आपटला.

तो उठला नाही. तिथेच वारुळाला टेकून बसला आणि चोपड्या हातांकडे बघत राहिला. केलेम्पू कुंपणाच्या आत उभा होता. बोलावंसं त्याला पुष्कळ वाटत होतं. बारा दिवस या एका क्षणासाठी तो झुरला होता, की कोणीतरी हे स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. आता बघितलं, आणि बघणारा पोरगा जमिनीवर बसून रडत होता. आवाज न करता, नाक वाहू देत.

"रोज सकाळी लावायची," मेपुकोरी म्हणाला. "तो म्हणायचा, आई पुरे. ती म्हणायची, लोहाराचा विटाळ आहे, एका दिवसात जात नाही."

केलेम्पूने राखेचं टोपलं त्याच्या बाजूला आणखी सरकवलं.

मेपुकोरीने नाक पुसलं, मूठ राखेने घासून लख्ख कोरडी केली आणि भाला घेऊन कुंपणापाशी आला. आता त्याचा चेहरा पुन्हा सकाळचा झाला होता. "कोणाजवळ बोललास तर तुला घरासकट जाळीन. माझ्या आईच्या कानावर हे गेलं तर तुला, तुझ्या बायकोला, तुझ्या गाईंना. कळलं?"

"आणि मी काय करू? माझ्या लोखंडाला कच्चं म्हणू?"

"काय म्हणायचं ते म्हण," मेपुकोरी म्हणाला. "गप्प बसायचं एवढंच." आणि तो बाभळींमधून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळभर केलेम्पूने भट्टी पेटवली नाही. नोलारी गाई लांब नेत नव्हती. घराभोवतीच फिरवत होती. दोघांचेही कान दरीकडे होते. मेलेल्याला घेऊन येतात तेव्हा मोरान गप्प येतात. मारून येतात तेव्हा गात येतात. सावल्या आखूड झाल्या तरी काहीच ऐकू येईना, आणि नोलारीने मुकाट्याने दुधाचे भोपळे एका कातड्यात बांधायला घेतले.

मग गाणं आलं. आधी वाऱ्यावर तुटक, मग नीट. नोलारी खाली बसली आणि भोपळे सोडायला लागली.

मिरवणूक लोहाराकडे वळायचं काही कारण नव्हतं, पण सिरोंकाने वळवली. निवाडा त्याचा होता, तो त्यालाच मिटवायचा होता. पुढे मेपुकोरी, डोक्यावर आयाळ, मांडीवर नख्यांचे चार ओरखडे, अंग रक्ताने माखलेलं. मागे तिपांको आणि बाकीचे. वाटेत वस्तीवरच्या बायका मिसळल्या होत्या, आणि त्यांच्यात मेपुकोरीची आई होती. नोंगिशू तिचं नाव. उंच, हाडकुळी, मुलगा गेल्यापासून दागिने उतरवलेली. ती केलेम्पूकडे बघत नव्हती. माणूस घाणीकडे बघायचं टाळतो, तशी ती टाळत होती.

"लोहारा, बघ," सिरोंका म्हणाला. "सिंह उडीत आला, हा हलला नाही. एका घावात काळजात. भाला बघ आणि सांग सगळ्यांना."

मेपुकोरीने भाला कुंपणाच्या फटीत उभा रोवला. केलेम्पूने तो उपटून घेतला, पात्याच्या कण्यावर नजर टाकली. केसभरही वाकला नव्हता. "सरळ आहे," तो म्हणाला आणि परत फटीबाहेर मातीत रोवला.

लोहाराचा हात लागला, म्हणजे पुन्हा विटाळ झाला. मेपुकोरीने हात पुढे केला होता, तेवढ्यात नोंगिशू मध्ये आली. तिच्या हातात चरबीचं भांडं होतंच. विजयी मुलाला माखायला आणलेलं. "थांब, बाळा. आधी मला लावू दे." ती भाल्यापाशी गुडघ्यांवर बसली आणि मूठभर चरबी घेऊन लाकडी मुठीकडे हात नेला.

मेपुकोरीने तिचं मनगट धरलं. "आई, मुठीला नको."

"का नको? त्याने हात लावलाय."

"नको म्हणतो ना."

"असं काय करतोस? लागते ती. तुरेरेच्या भाल्याला तर मी रोज..."

ती थांबली. मनगट अजून मुलाच्या हातात होतं. तिने मुठीकडे पाहिलं, राखेने घासलेल्या, कोरड्या ठणठणीत लाकडाकडे. मग मुलाच्या तळव्याकडे, ज्याच्या रेघांत राख बसली होती. मग ती मुलाच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मेपुकोरीने नजर वळवली. बायकांना वाटलं, मोठ्याचं नाव निघालं आणि तिला भरून आलं. दोघीतिघींनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

सिरोंकाचं लक्ष नव्हतं. त्याला उन्हातून घरी जायचं होतं. "तर केलेम्पू, तू राहशील. शब्द म्हणजे शब्द. पण हा भाला टिकला आणि तो वाकला, म्हणजे तो कच्चा होता हे आता आंधळ्यालाही दिसतंय. तेवढं तोंडाने बोल. बोकड दे. बाईचं मन शांत होऊ दे."

केलेम्पूला बोलायची आता गरज नव्हती. गाई वाचल्या होत्या, घर वाचलं होतं. उलट आत्ताच खरं बोलायची वेळ होती. मूठ कोरडी होती, राख सगळ्यांसमोर होती, दोन भाले शेजारी ठेवून कोणालाही दाखवता आलं असतं. त्याला या लोकांचा तिरस्कार होता, आणि तो आजही कमी झाला नव्हता. मेपुकोरी जिथल्या तिथे ताठ उभा होता, सोट्यावर हात ठेवून. पण केलेम्पूचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. जमिनीवर बसलेली नोंगिशू पहिल्यांदाच सरळ त्याच्याकडे बघत होती.

"हो," केलेम्पू म्हणाला. "लोखंड कच्चं होतं. घाई केली मी. बोकड देतो."

घोळक्यातून हुंकार गेला. तिपांको म्हणाला, "बघा, आता कसा सरळ झाला." नोलारीने तोंडावर हात ठेवला.

"खोटं बोलतोय हा," नोंगिशू म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांनी ऐकला. सगळ्यांना वाटलं, बाईचा राग अजून निवलेला नाही, आणि त्यात चूक तरी काय? सिरोंकाने समजुतीने मान हलवली, मोरानांनी पुन्हा गाणं उचललं आणि मिरवणूक वस्तीकडे वळली. मेपुकोरी तेवढा आईपाशी थांबला. तो तिला उठवायला वाकला, पण तिने त्याचा हात बाजूला केला. लोहाराच्या कुंपणापाशी, राखेत आणि मातीत, ती दोन्ही तळहात घासत होती. चरबी निघत नव्हती, आणि ती घासतच राहिली.